काठवाली आणि बिनकाठाची

सर, ते दोन पक्षी मी आज डोळे मिटूनही ओळखीन; ओळखायला हवे होते तेव्हा मात्र ओळखता आले नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले, चिमणीहून लहान, हिरवट पाठीचे आणि मातकट पिवळ्या पोटाचे माशीमार. नाव माशीमार, पण खातात जास्त करून फळंच. धुळ्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर, तुम्ही परदेशी पुस्तकात बघून दोघांची चित्रं रंगवताय, आणि जळगावहून आलेली, शुद्ध बोलते म्हणून मिरवणारी मी शेजारी पाट्या लिहितेय. फरक काय, असं विचारलं तर ब्रश न थांबवता तुम्ही म्हणालात, "दोन्हीस्नं लुगडं एकच शे. एकले काठ शे, दुसरीले नही." पंखांवरच्या फिकट कडा म्हणजे काठ. काठवाली जंगलाच्या कडेलाही दिसते, बिनकाठाची आत दाट झाडीत राहते. पाट्यांवर हीच नावं घाल, असं तुम्ही सांगितलंत.

प्रदर्शनाला पुण्याचे पाहुणे येणार होते. मला ती नावं गावंढळ वाटली. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी पाट्या काढल्या आणि 'माशीमार एक', 'माशीमार दोन' अशा नव्या चिकटवल्या, अगदी वळणदार अक्षरात. नावं गेली तसा काठही डोक्यातून गेला, आणि एकीची माहिती दुसरीखाली लागली. पाहुणे नेमके जाणकार निघाले. हे कुणी लिहिलं, त्यांनी विचारलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी जमिनीकडे पाहत राहिले. गडबडीत पाहुण्यांपुढेही तुमच्या तोंडी घरची बोलीच आली. "चूक मनी शे," तुम्ही म्हणालात; मनी म्हणजे माझी. मनी कोण, मांजर का, असं पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सर, मीही हसले.

त्यावरून तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही शिंदखेड्याला वारलात तेव्हा मी जळगावातच होते, पण तुमच्या घरी जायचं तोंड नव्हतं. आता मीही शिकवते. दरवर्षी हे दोन पक्षी काढते, लुगड्याचा दाखला देते, पोरी खूश होतात. गेल्या आठवड्यात एकीने विचारलं, मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं? म्हणून आज लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही, असं म्हणणं सोपं आहे. पत्ता होता तेव्हाही मी लिहिलं नव्हतं. आणि त्या मुलीला मी म्हणाले, मलाच सुचलं.