आतून कडी

प्रिय दादा,

परवा फोनवर म्हणालास, "रुक्मे, पत्र कशाला लिहितीस, बोल की." पण बोलायला जावं तर तुझ्यामागं ट्रॅक्टरचा आवाज असतो, आणि आपलं खुशालीवरच संपतं. म्हणून लिहितेय. कागद पाठकोरा आहे, चालवून घे.

इकडं शिरूरला उन्हं तापायला लागलीत. आमचा हनुमान पुण्याहून नातवाचे फोटो पाठवतो. हे गेले त्याला पौषात वर्ष झालं. सकाळी पोथी वाचते, माळ ओढते, तरी दिवस उरतोच. संध्याकाळी आपल्या जुन्या घरी दिवा लावून येते. आई-अप्पा गेले, तू तिकडं कारखान्यावरच घर केलंस, पण सुतकाचे दिवस सोडले तर माझा एक दिवस चुकलेला नाही.

तुला आठवतं का, मी आठ वर्षांची होते. ऊसतोडीच्या ट्रकात भांडी चढली, शेळी चढली, मग तू चढलास. मला शाळेसाठी वत्सलाआत्याकडं ठेवलं. मी रडत होते, तर तू खाली उडी मारलीस, बैलाच्या दोरीतून उरलेल्या सुताचा गोफ काढलास, त्यात घराची किल्ली ओवून माझ्या गळ्यात घातलीस. "आजपास्नं घराची मालकीण तू. घर बंद हाय असं कुणाला वाटू देऊ नको."

मी ते जसंच्या तसं धरलं. रोज शाळा सुटली की कुलूप काढायचं, झाडायचं, चमचाभर तेलात दिवा लावायचा, आईची तुटकी चप्पल उंबऱ्याबाहेर मांडायची. आणि आत शिरताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं, "आई, आले गं!" माझं देवाधर्माचं वेड, तेलाचा थेंब जपणं, सगळं त्या किल्लीनं लावलेलं. शाळा मला मिळाली दादा, आणि आई तुला मिळाली. नशिबाचं कोण, हे आपण कधी एकमेकांना विचारलं नाही.

आणि तो गुढीपाडव्याचा आदला दिवस! तुमचा ट्रक दुपारीच आला होता, आईनं तिच्याजवळच्या किल्लीनं घर उघडलेलं. मी शाळेतून येऊन बघते तर कुलूप नाही. दप्तर टाकून मी बोंब ठोकली, "चोर! चोर!" शेजारचे बंकटमामा काठी घेऊन धावले. कडी निघाली आणि पिठाच्या हातांनी आई बाहेर आली. आत्या म्हणाली, "आगं भवाने, आईलाच चोर म्हणतीस व्हय?" गल्ली हसली. तू तर लोळलास. आई हसली नाही. तिनं तसंच पिठाच्या हातांनी मला पोटाशी धरलं.

पुढच्या सालापासून मी वेशीवरच येऊन थांबायची. त्यामुळं कुलूप असणार म्हणून यावं आणि दार आतून उघडावं, असं माझ्यासाठी एकदाच झालं.

आता माझ्याही घराचं कुलूप मीच लावते, मीच काढते. दोन घरं, दोन कुलपं. आत शिरताना अजून तोंडातून निघतं, "आले गं." मग मीच गॅस पेटवते.

दादा, पाकिटात हाताला टोचतेय ना, ती किल्ली आहे. फोनवरून ती पाठवता येत नाही, म्हणून हे पत्र. आईजवळची कधीच हरवली, आता माझ्याकडं एकही नाही. तू येईपर्यंत दिवा उंबऱ्याबाहेर लावीन, देव समजून घेईल. पाडव्याला ये. माझ्याआधी जाऊन दार उघड, आतून कडी लाव आणि बस. मी बाहेरून हाक मारीन. या खेपेला चोर म्हणणार नाही.

उंबऱ्याबाहेर थांबलेली,
तुझीच रुक्मी