पांढरकवड्याच्या टीमची दुसरी फळी

प्रिय नाना,

तू वारलास तेव्हा घरी वहिनींना भेटून आलो, पण तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. आज मात्र तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही. काल यवतमाळला आपली हॉकीची टीम जिंकली! आणि आपला सगळ्यांत वेगवान गडी रामसिंग टीममध्ये नव्हता. ऐकतोयस ना?

छप्पन साल आठव. विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि कचेरीतले आपले खेळाडू एकामागून एक जबलपूर-भोपाळकडे बदलून गेले. मैदानावर उरलो दोघेच. तू फुलबॅक, मी गोलकीपर. मी म्हटलं, "नाना, खेळ खलास." तू गवतात बसून बुटाच्या नाड्या सोडत होतास. म्हणालास, "खलास कायले? आता तं सुरू करू."

मग सायकलवर केळापूर, आजूबाजूचे तांडे, शेतकऱ्यांची घरं पालथी घातलीस. ज्यांनी कधी हॉकीची काठी धरली नव्हती अशी पोरं गोळा केलीस. आणि वर्षभर त्यांना गोल मारूच दिला नाहीस! चेंडू अडवायचा आणि शेजारच्याला द्यायचा, बस. तांड्यावरचा रामसिंग वाऱ्यासारखा पळायचा; तो तर रडकुंडीला आला होता.

नेरला तर सपाटून हरलो. गावातले व्यापारी म्हणाले, नागपूरहून चार चांगले खेळाडू आणू. मलाही पटलं होतं. तू हात जोडलेस. "ते जितून देतीन अन् चालले जातीन. मग?"

त्या 'मग'नंतर व्यापाऱ्यांनी नागपूरचा विषय सोडून दिला!

हळूहळू हरणं कमी झालं. मग बरोबरी. मग एक दिवस नेरवाल्यांना त्यांच्याच मैदानावर हरवलं. त्या दिवसाइतका चांगला मी आयुष्यात खेळलो नव्हतो. आणि त्याच आठवड्यात तू येऊन काय सांगावंस? पुढच्या मोसमापासून गोलात आपल्या पोरांतला केशव!

"मले काहून काढून राह्यला? काय चुकलं माह्यं?"

"काही नाही चुकलं. तू चांगला हायेस तवाच त्याले शिकव. थकल्यावर काय शिकवशीन?"

किती चिडलो होतो मी! दुसऱ्या दिवशी भांडायलाच मैदानावर आलो. बघतो तर फुलबॅकच्या जागी दुसराच पोरगा, आणि तू रेषेबाहेर उभा. स्वतःला तू माझ्याआधी काढलं होतंस. आदल्या दिवशी सांगता आलं नसतं का रे? मी केशवला हाक मारली आणि गोलाकडे गेलो.

यंदा चैत्रात तू गेलास. महिनाभरात रामसिंग पोलिसात लागला, तिघं जंगलखात्यात. मला वाटलं, पुन्हा छप्पन साल आलं. काल तुझ्या जागी मी टीम घेऊन यवतमाळला निघालो, ते हरायच्या तयारीनंच.

पण त्या चौघांच्या जागी उभी राहिलेली, तूच शिकवून ठेवलेली पोरं! त्यांना मी रोज पाहत होतो नाना, तरी ती काय आहेत हे कालच कळलं. शेवटी-शेवटी बरोबरी होती. नव्या सेंटर फॉरवर्डपुढे गोल होता, सगळे ओरडत होते, मार! त्यानं मारला नाही. शेजारच्या मोकळ्या पोराकडे शांतपणे चेंडू दिला, आणि त्यानं गोल केला. रेषेबाहेर उभा राहून मी तुझं नाव घेतलं.

एवढं पुढचं तुला कसं दिसत होतं? आम्ही समोरची मॅच बघायचो. तू उद्याची बघायचास, तेव्हा तर या पोरांनी काठीही धरली नव्हती!

आता सगळे म्हणतात, लगेच नागपूरच्या मोठ्या स्पर्धेत उतरा. पोरंही मागे लागलीत. मी नाही म्हटलं. अजून कच्ची आहेत. लोक हसतील, हसू देत. तुला शब्द देतो, त्यांना लागेल तेवढा वेळ मी देईन. आणि तेवढा वेळ माझ्याकडे नसला तरी काळजी करू नकोस. उद्यापासून रेषेबाहेर माझ्याशेजारी केशव उभा राहणार आहे.

तुझाच,
वासुदेव