रविवारचा रकाना

उत्तर टोक, स्कॅरवाल बेट
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय उनाताई,

तू बरी आहेस असे धरून चालतो, कारण नसतीस तर इन्व्हरनेसहून कोणीतरी कळवले असते. मी बरा आहे. कोंबड्या सातच्या सात आहेत, पण दिवस लहान झाल्यापासून तिघीच अंडी देतात. मागच्या गुरुवारी आणि शुक्रवारी वाऱ्यामुळे बोट आली नाही. दुकानात पाव नव्हता, तेव्हा पेगीने घरून खारवलेली हेरिंग मासळी आणि उकडलेले बटाटे आणून सगळ्या ऑफिसला जेवू घातले. तुझी गाडी दर शनिवारी दहा मिनिटे चालू करून ठेवतो, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. इंजिनचा आवाज झाला की शेजारचा कुत्रा अजूनही तूच निघालीस असे समजून फाटकाशी येऊन बसतो. मी काच खाली करून त्याला सांगतो, नाही रे, मीच आहे. तो थोडा वेळ थांबून खात्री करून घेतो.

हे पत्र आधी कच्चे लिहिले आणि मग शब्दकोश शेजारी ठेवून उतरवले. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी आईच्या आजारपणात घरी बसलो, तेव्हा तू दवाखान्यातल्या कामावरून थकून यायचीस आणि तरी मला रोज दहा शब्द लिहायला घालायचीस. त्यामुळे आता शब्द चुकू देत नाही.

ऑफिसची बातमी अशी. तुझ्या जागी तात्पुरते आलेले साहेब आठवड्यातून दोन दिवस बेटावर येतात, बाकी तीन दिवस पडद्यावर दिसतात. पेगी म्हणते, "माणूस सज्जन आहे रे, पण खांद्याच्या खाली आहे की नाही ते अजून कळलं नाही." ती आमच्या पाळ्या लावताना पूर्वीसारखीच पुटपुटते, फक्त आता तुझ्या नावाने पुटपुटता येत नाही म्हणून चिडते. तू म्हणायचीस, कौन्सिल आणि आरोग्य मंडळाच्या सेवा-भागीदारीची मुख्य अधिकारी म्हणजे दोन सासरांची एक सून. कौन्सिलला सूप खारट लागते, आरोग्य मंडळाला तेच अळणी, आणि पातेले एकच. साहेबांना हे अजून कोणी सांगितलेले नाही. ते दोघांनाही "उत्तम सूचना" म्हणतात.

तुझ्या जागेची जाहिरात निघाली आहे. अर्ज एकतीस ऑक्टोबरपर्यंत घेणार आहेत. कात्रण सोबत ठेवले आहे. सोमवारी पेगी मला म्हणाली, "लिही तुझ्या बहिणीला. म्हणावं, पुरे झालं तोंड लपवणं."

"तिने तोंड लपवलेलं नाही," मी म्हणालो.

"मग कोणी लपवलंय?" एवढे बोलून ती पाळ्यांच्या तक्त्याकडे वळली.

चौकशीचा अहवाल तुला मिळाला असेल. चौपन्न पाने आहेत. मी तीनदा वाचला. एकोणिसाव्या पानावर लिहिले आहे, "रविवारच्या भेटी कमी करताना नेतृत्वाने स्थानिक चालीरीतींचा विचार केल्याचे दिसत नाही." हे वाक्य मला पाठ झाले आहे. कपडे वाळत घालताना येते, गाडी चालवताना येते. ताई, विचार कोणी केला होता ते मला माहीत आहे. छापील फॉर्मवर "पडलात तर मदत बोलवायला गळ्यातले बटण दाबाल का?" एवढाच प्रश्न होता. तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो खोडलास आणि वर लिहिलेस, "रविवारी पडलात तर बटण दाबाल का?" पुढे रविवारचा वेगळा रकाना आखलास, हो, नाही, आणि काही म्हणायचे असल्यास जागा. मंडळात कोणीतरी विचारले होते, रविवारच का? तू म्हणालीस, "कारण मी इथली आहे." पेगीने ते मला दुसऱ्याच दिवशी सांगितले होते. अहवाल लिहिणाऱ्यांनी पेगीला काही विचारलेच नाही.

टॉरमॉडची हकीकत सांगायची राहिली. तुला त्याची काळजी असणार. तो आता बंदराजवळच्या वृद्धनिवासात आहे. मांडीचे हाड जुळले आहे. चालायची चौकट धरून जेवणाच्या खोलीपर्यंत जातो आणि वाटेतल्या प्रत्येक बाईला सांगतो की मी लग्नाला तयार आहे, पण घाई नाही. एक्क्याऐंशी वर्षांचा लोहार आहे. मनगट अजून माझ्या मनगटाच्या दुप्पट आहे. मी दर बुधवारी जातो. पहिले काही आठवडे आम्ही हवेवर बोललो, मग मेंढ्यांवर, मग पुन्हा हवेवर. गेल्या बुधवारी तो एकदम म्हणाला, "तुझी बहीण कधी येणार परत?"

"ठाऊक नाही."

"मी पडलो म्हणून ती गेली. लोक मला बघायला येतात आणि तिला शिव्या घालून जातात. मी म्हणतो, अरे, पडलो मी, पाय माझा, बादली माझी. तिचं काय?"

मी त्याचे ब्लँकेट सारखे केले. ते सारखेच होते.

"बाळा," तो म्हणाला, "मी सांगितलं होतं तुला."

हे मला आता लिहायला हवे. आतापर्यंतचे पान मी सरळ रेषेत लिहिले आहे. इथून पुढे ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे.

नोव्हेंबरात तो फॉर्म भरून आणायला तू मला उत्तर टोकाची नऊ घरे दिली होतीस. एकेचाळीस माणसांकडे रविवारी जायचे आणि जाणारे आम्ही सातजण, त्यातही दोघे मुख्य भूमीवर निघालेले. ज्यांना उठवायला-बसवायला माणूस लागते त्यांच्याकडे जायचे आणि ज्यांना फक्त डोकावून बघावे लागते त्यांना गळ्यातले बटण द्यायचे, ही तुझी योजना. तू आदल्या संध्याकाळी जेवताना म्हणालीस, "उत्तर टोकाला एक जरी 'नाही' आला, तर तिथे रविवारी एक माणूस ठेवावाच लागेल. मग दक्षिणेला कोणाला काढू?" तू काट्याने बटाटा कुस्करत होतीस आणि खात नव्हतीस. तीन आठवडे तू तशीच जेवत होतीस.

आठ घरांत "हो" आले. नववे टॉरमॉडचे. त्याने मला ओटची बिस्किटे दिली, चहा दिला, बटण गळ्यात घालून आरशात पाहिले आणि म्हणाला, "महापौर दिसतो की नाही?" मग मी तुझा प्रश्न वाचला. रविवारी पडलात तर बटण दाबाल का? तो हसला. "दाबीन की. आठवड्याचे सहा दिवस दाबीन." मी पण हसलो.

आणि मी "हो"वर खूण केली. काही म्हणायचे असल्यास, ती जागा कोरी ठेवली.

मला थट्टा वाटली असे मी स्वतःला अकरा महिने सांगतो आहे. ते खरे नाही. मी याच बेटावर वाढलो. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचे नाही, म्हणून आपल्या दोरीवर कपडे नसतात, मुलांचा झोपाळा बांधून ठेवतात, आणि टॉरमॉड तर बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवणारा माणूस. त्याचे हसणे थट्टेचे होते, शब्द थट्टेचे नव्हते, आणि हे मला त्याच्या दारातून बाहेर पडायच्या आधी कळले होते. मी परत वळलो नाही, कारण मला तुला नऊच्या नऊ "हो" आणून द्यायचे होते. तू त्या रात्री पूर्ण ताट जेवलीस. दुसऱ्यांदा वाढून घेतलेस. मला इतका आनंद झाला होता.

जानेवारीतल्या त्या सोमवारी साडेआठला मीच दार उघडले. तो चुलीजवळ पडलेला होता, पीटच्या जळणाची बादली उलटलेली, खोली थंडगार. आदल्या दिवशी प्रार्थनेहून परत आल्यावर सव्वाअकराच्या सुमारास पाय घसरला होता. एकवीस तास. अहवालात "बटण हाताशी नव्हते" असे आहे, तेही चूक आहे. बटण गळ्यातच होते. त्याचा हात त्यावर होता. मी घाबरून ओरडलो, "दाबलं का नाही?"

तो म्हणाला, "काल रविवार होता, बाळा."

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हणालो, आम्ही तर रविवारी येतच होतो, तेव्हा तुम्ही दार उघडत होता. तो थरथरत होता, तरी मला समजावून सांगत होता, शाळेतल्या मुलाला सांगतात तसे. "तू आपणहून येतोस ती दया. दयेला रविवार चालतो. मी बटण दाबून तुला बोलावलं तर ती दया कुठली? ते मी तुला काम लावणं झालं."

हा फरक मला माहीत नव्हता. पण तुला माहीत असता, ताई. मी त्या कोऱ्या जागेत त्याचे चार शब्द उतरवले असते, तर तू ते वाचून एका क्षणात ओळखले असतेस. त्यासाठीच तू ती जागा ठेवली होतीस.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तू भांडी धूत होतीस. पाठ माझ्याकडे होती. तू विचारलेस, "टॉरमॉड आणखी काही म्हणाला होता का रे?" मी म्हणालो, "नाही." तू नळ बंद केलास, आणि पुन्हा सोडलास. मला वाटते तुला तेव्हाच कळले.

मग मार्चमधली ती सभा. तिसऱ्या रांगेत डाव्या टोकाला मी होतो. मागून कोणीतरी ओरडले, "म्हाताऱ्याला विचारलं कोणी होतं?" तुझ्यासमोर फाईल होती. त्यात माझ्या अक्षरातला फॉर्म होता. तू फाईलवर हात ठेवलास, उघडली नाहीस. म्हणालीस, "प्रश्न माझा होता. उत्तरं वाचून निर्णय घेणारीही मीच. चूक माझी आहे." मग तू माझ्याकडे पाहिलेस. मी उठेन असे तुला वाटले होते का, की उठू नकोस असे सांगत होतीस, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी उठलो नाही. सभा संपेपर्यंत तिथेच बसलो. मी नंतर चालत घरी आलो.

बोटीवर चढताना तू फक्त म्हणालीस, "कोंबड्यांचं दार नीट लावत जा." तेव्हापासून तुझी दोन कार्डे आली. दोन्हींवर हवामान होते.

गेल्या बुधवारी टॉरमॉडला मी सगळे सांगितले. वाटले होते रागावेल. त्याने खिडकीबाहेर बोटीकडे पाहिले. मग म्हणाला, "मी ते हसत का सांगितलं, ठाऊक आहे? नाही म्हटलं असतं तर तुझा रविवार गेला असता. तुला एक रविवार मोकळा मिळावा, एवढंच होतं मनात. तूही कोणाचं तरी भलं बघत होतास, मीही. दोन भली माणसं एका खोलीत बसली की असा घोटाळा होतो." मग म्हणाला, "पण भोगतेय तिसरीच. ते काही बरोबर नाही."

आज सकाळी मी चौकशी समितीला द्यायचे निवेदन पेगीच्या हातात दिले. दीड पान आहे. तो काय म्हणाला, मी काय लिहिले नाही, तू मला काय विचारलेस आणि मी काय उत्तर दिले, सगळे आहे. रविवारचा प्रश्न कोणाच्या हाताने फॉर्मवर आला तेही आहे. पेगीने चष्मा लावून वाचले, मग चष्मा काढून पुन्हा लावला आणि पुन्हा वाचले.

"हे पुढे गेलं की तुझी नोकरी जाऊ शकते. कळतंय ना?"

"कळतंय."

"बहिणीला विचारलंस?"

"नाही. विचारलं तर ती नको म्हणेल."

"म्हणेलच. गाढवच आहे ती पण." मग तिने त्यावर शिक्का मारला, तारीख घातली, आणि माझ्यासमोर लखोटा बंद केला. म्हणाली, "बस. चहा घे. तोंडाचा रंग बघ तुझ्या."

हे पत्र तुला पोचेल तोपर्यंत निवेदन समितीपुढे गेलेले असेल. मुद्दाम त्याच क्रमाने केले आहे. तू रागावशील हे मला माहीत आहे. तू जे माझ्यावर पांघरले होतेस ते मी तुला न विचारता काढून टाकले. पण त्याखाली मला झोप येत नव्हती. ते पांघरण्यासाठी तू घर सोडलेस, आणि त्या घरात मी एकटा बसलो होतो.

तू अर्ज करावास म्हणून हे लिहिलेले नाही. आधी तसेच लिहिले होते. मग कच्च्या कागदावर ते खोडले, कारण तेही पुन्हा नऊ "हो" गोळा करण्यासारखे झाले असते. समिती काय ठरवील मला ठाऊक नाही. कदाचित आता माझ्यासारख्याला इथे कोणाच्या घरात पाठवणार नाहीत. तुलाही इन्व्हरनेस आवडू लागले असेल. तिथे कोणी तुला रस्त्यात थांबवून सांध्यांचे दुखणे सांगत नसेल.

तरी एक विचारतो, आणि याचे उत्तर तुला हवे ते दे, कोरे ठेवलेस तरी चालेल. मुख्य अधिकारी म्हणून नको, समितीसाठी नको, नाताळसाठीही नको. एखाद्या आठवड्यात बोटीने ये आणि माझ्यासमोर बसून मला रागाव. इतके महिने मला कोणीही रागावलेले नाही. सगळे माझ्याशी फार चांगले वागतात, आणि त्यातला एकही माणूस तू नाहीस.

तुला खोटे सांगणारा, आणि बोटीच्या प्रत्येक फेरीला धक्क्यावर येणारा,
तुझा भाऊ
इनिस