आईच्या टीव्हीला घातलेले कुलूप

ती. जोंगरान ताईस,
ह्योंगसोकचा दोन्ही हात जमिनीला टेकून नमस्कार.

मी, क्वोन ह्योंगसोक, वय वर्षे छप्पन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, आंदोंग येथील एका बियाणे कंपनीचा हिशेबप्रमुख, आपल्या घरचा एकुलता मुलगा आणि तुझा धाकटा भाऊ, आईच्या टीव्हीसंबंधी घडलेल्या प्रकाराची खरी हकीकत तुला कळावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. (माझे वय तुला ठाऊक आहे याची मला कल्पना आहे. ते मुद्दाम नमूद केले आहे. कारण यथावकाश येईल.) फोन न करता पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की या घरात फोनवर बोललेले आईच्या खोलीत ऐकू जाते. तुझा गुडघा कसा आहे? बुसानची खारी हवा सांध्यांना मानवणार नाही, हे मी तुझ्या लग्नातच दाजींच्या कानावर घातले होते. दाजींना नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे प्रकृतीपुरते.

यंदा बाबांच्या श्राद्धाला तुला येता आले नाही, त्यामुळे तुझ्या कानी निरनिराळे पाठ आले असतील. खरा असा: बाबांचे पान मांडून, भातात चमचा उभा करून आम्ही रीतीप्रमाणे खोलीबाहेर आलो, दार ओढून घेतले आणि बाबांना निवांत जेवता यावे म्हणून ओसरीवर माना खाली घालून उभे राहिलो. आई पाय दुखतात म्हणून आपल्या खोलीत होती. धाकटे काका दाराशी उभे होते. खोकून बाबांना वर्दी द्यायची आणि मग दार उघडायचे, हे काम त्यांचे. इतकी शांतता होती की समयीची वात ऐकू यावी. आणि त्या शांततेत आईच्या खोलीतून एक बाई किंचाळली, "या बाळाचा बाप तुमचा मुलगा नाहीच, सासूबाई!" पाठोपाठ काहीतरी फुटले. (ते मालिकेत फुटले, हे नंतर कळले.) काकांनी खोकायचे सोडून हळूच विचारले, "मग कोण?" त्यावर आतून आईचा खणखणीत आवाज आला, "तो ड्रायव्हर! मी पहिल्यापासून सांगत होते!"

पाहुणे गेल्यावर मी आईला शांतपणे विचारले, की बाबा जेवत असताना हे शोभते का. ती म्हणाली, "तुझे बाबा टीव्ही लावल्याशिवाय कधी जेवलेत का? इतकी वर्षं तू त्यांना भिंतीकडे बघत जेवायला लावतोयस." या विधानातील वस्तुस्थिती मला नाकारता आली नाही. परंतु डॉक्टरांनी तिच्या रक्तदाबाला उत्तेजना वर्ज्य सांगितली आहे, आणि मालिकेतल्या सुनेने विकतचे पक्वान्न श्राद्धाला मांडले त्या दिवशी आईने पडद्यावर पर्सिमन फळाची बी फेकून मारलेली मी स्वतः पाहिली आहे. घरची अब्रू आणि आईची प्रकृती, दोन्ही जोखमी एकाच यंत्रातून उद्भवतात असा निष्कर्ष निघाला. टीव्हीत मुलांसाठी कुलूप लावण्याची सोय असते. मी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. मालिकेच्या कोपऱ्यात पंधराचा आकडा असतो, म्हणजे पंधरा वर्षांखालील मुलांनी ती पाहू नये. पण संभाव्य तोटा आधीच धरून तरतूद करावी या आमच्या शास्त्रातील तत्त्वानुसार मी बारापासूनच सारे बंद केले आणि गुप्त आकडा घातला.

संध्याकाळी आईने टीव्ही लावला. पडद्यावर अक्षरे आली: हा कार्यक्रम तुमच्या वयासाठी नाही, पालकांना बोलवा. आईने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग उठली, काठी घेतली आणि चपला शोधू लागली. माझ्या पत्नीने, यूनहीने, विचारले, "आई, कुठे निघालात?" आई म्हणाली, "माझे पालक येओंगजूच्या टेकडीवर पुरलेत. त्यांना बोलवायला नको? बस कितीची आहे बघ." यूनहीने माझ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "अहो, ते हिशेबाचं डोकं ऑफिसातच ठेवून येत जा ना."

त्यानंतर आईने भांडण केले नाही. भांडली असती तर उत्तर तयार होते. ती लहान झाली. बाहेर जाताना माझी परवानगी मागू लागली. रस्ता ओलांडताना, भर बाजारात, माझा हात धरू लागली. वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात तिने जाहीर केले, की मुलाच्या हिशेबाने मी अजून बाराचीसुद्धा नाही. आता तिथल्या बायका मला भाजीच्या दुकानासमोर अडवतात. "काय हो क्वोनसाहेब, आईचे दुधाचे दात पडले का?" "शाळेत घातलंत की नाही तिला?" मी मान लववून पुढे जातो. हेही सोसले असते. पण पुढे एका रात्री जेवणाला ती चमचा उचलेना.

ताई, आपल्या घरची रीत तुला सांगायला नको. सर्वांत वडील माणसाने चमचा उचलल्याखेरीज कोणी घासाला हात लावत नाही. खारवलेला बांगडा भाजून समोर आलेला, मुळ्याच्या सुपाची वाफ निघत असलेली, आणि आई मांडीवर हात ठेवून बसलेली. मी म्हणालो, "आई, घे ना." ती म्हणाली, "आधी मोठ्यांनी. मी लहान आहे." मी तिच्या आधी चमचा उचलावा, हे या जन्मी शक्य नाही, आणि तिला ते पक्के ठाऊक आहे. सूप थिजले. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. यूनही स्वयंपाकघरात उभ्याने "चव बघते" (वाडगाभर), आणि आई केंद्रात जेवून येत असावी असा माझा कयास आहे. पण तो कयासच; तिच्या गोळ्या जेवणावरच्या आहेत, आणि ती खरोखर उपाशी असली तर, हा विचार मला कचेरीतही सोडेना. शेवटी मी तिच्यापुढे गुडघे टेकले, रिमोट दोन्ही हातांनी पुढे केला आणि गुप्त आकडा सांगितला. तिने रिमोट पदरात घातल्यासारखा मांडीवर ठेवला, चमचा उचलला आणि म्हणाली, "जेव रे. सुकलास नुसता."

प्रकरण येथे उभयपक्षी समाधानाने मिटले आहे. तुला काळजीचे कारण नाही. लोक काही सांगतील, त्यावर विश्वास ठेवू नये.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
क्वोन ह्योंगसोक
आंदोंग, १४ नोव्हेंबर

ता. क. १: आईचा रक्तदाब काल मोजला. मालिका बंद असताना होता त्याहून कमी निघाला. डॉक्टरांना मी अद्याप कळवलेले नाही.

ता. क. २: आईने गुप्त आकडा बदलला आहे. केंद्रात म्हणे हे शिकवतात. मालिकेच्या वेळी ती मला खोलीबाहेर काढते. "तुझ्यासारख्याने हे बघू नये, तुझ्या जिवाला लागतं," म्हणते. त्यामुळे मी ओसरीवर, मान खाली घालून, श्राद्धाला उभा राहतो तसाच उभा राहून ऐकतो. (माझ्या तपासणीनुसार तो ड्रायव्हर हाच सासूबाईंचा हरवलेला थोरला मुलगा असावा. तसे असल्यास बाळ घरचेच ठरते आणि सर्व ताळा जमतो. पण आवाजावरून खात्री देता येत नाही.)

ता. क. ३: काल दार थोडे उघडे राहिले होते. आईने टीव्हीसमोर दोन आसने मांडली होती. एकावर ती, दुसरे बाबांचे, त्यापुढे सोललेले पर्सिमन. तिसऱ्या आसनाला भरपूर जागा आहे. मी डोळ्यांनी अदमास घेतला. तुझा शब्द ती टाळत नाही. तेव्हा शुक्रवारच्या भागाआधी तिला एवढेच कळव, की तिचा मुलगा पंधरा वर्षांहून मोठा आहे.

ह्योंगसोक