मागच्या सीटवरचा हात

अब्बा, आज सकाळी रत्नागिरीहून दुल्हाभाईंचा फोन आला होता. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण आवाज अजून खणखणीत. बोलता बोलता म्हणाले, "मेव्हण्या, गाडीवर बसलो की अब्बांचा हात अजून खांद्यावर असल्यासारखा वाटतो रे!" मी नुसते "हो" म्हणालो आणि फोन ठेवला. पुढ्यातला चहा निवून गेला. बहिणीच्या नवऱ्याचा, तोही इतक्या सालस माणसाचा, साठ वर्षे मत्सर करणे शोभत नाही हे मला समजते. समजून काही उपयोग झालेला नाही.

आखातात, देऱ्याला असलेल्या आपल्या वर्कशॉपचा नियम तुम्हीच घालून दिला होता. ज्याने ब्रेकचे काम केले, त्यानेच मोटरसायकल चालवायची आणि उस्तादाने त्याच्या मागे बसायचे. मगच गाडी गिऱ्हाइकाच्या हाती. शारजाच्या वाटेवरची ती खारवट, टणक, सपाट जमीन आपले ट्रायलचे मैदान होती. दुल्हाभाई चालवत असले की तुमचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर असे, घरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवावा तसा सैल. माझ्या मागे बसलात की दोन्ही हात मागच्या कॅरिअरला घट्ट. मुंबईच्या तांत्रिक शाळेत पहिला आलेला मुलगा मी. दुल्हाभाई तर जहाजावरून उतरले ते थेट पाना हातात घेऊनच शिकले. दर ट्रायलला मी आरशात तो हात शोधत असे.

मग बंदरावरच्या त्या कारकुनाची गाडी आली. आपल्याच गुहागरचा माणूस, तोंडाने फटकळ. आठवड्यापूर्वी दुल्हाभाईंनी तिच्या मागच्या ब्रेकला नवे लायनर बसवून दिले होते. त्या दिवशी तुम्ही तापाने घरी होतात, म्हणून तुमची ट्रायल राहून गेली होती. "उस्ताद," तो दारातूनच ओरडला, "जुन्या लायनरवर गाडी निदान लाजेकाजेस्तव तरी थांबत होती. नवे टाकल्यापासून अगदी बेशरम झाली आहे!" सगळे हसले. मी हसलो नाही. मला आनंद झाला होता. मी मोठ्याने म्हणालो, "ग्रीसचे हात लायनरला लागले असणार. दुसरे काय?" दुल्हाभाई गाडीकडे वळले. तुम्ही मात्र डोळ्यांवरचा चष्मा काढलात. "तुला बिघाड शोधायचा आहे की माणूस?" तुम्ही विचारलेत. "बिघाड शोधायचा असेल तर चाक काढ."

मी चाक काढले. इथून पुढचे मी आजही कुणालाही हौसेने शिकवीन. नवे लायनर टाकून ब्रेक कमजोर झाला, तर प्रथम पेडल दाबून पाहावे, रॉड ढिला तर नाही ना. नव्हता. मग ड्रम पुसून पाहावा, तेल किंवा ग्रीस आहे का. कोरडा होता; माझा आरोप तिथेच संपला. मग लायनरवर खडू फासावा, चाक बसवून फिरवावे, ब्रेक हलका दाबावा आणि पुन्हा उघडून पाहावे. खडू जिथे पुसला गेला तिथेच लायनर ड्रमला टेकतो. नवा लायनर मधेच टेकत असेल तर तो घासून बसवावा लागतो. इथे खडू जवळपास सगळीकडून पुसला गेला होता. दुल्हाभाईंनी लायनर सुरेख घासला होता, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे लागले.

राहिली बाहेरची दांडी, जिला रॉड ओढतो. ब्रेक पकडतो त्या क्षणी रॉड आणि दांडी यांच्यात काटकोन हवा. विहिरीचा रहाट जसा आडव्या जोरानेच फिरतो, तसेच हे. कोन बिघडला की पायाचा बराच जोर वाया जातो. मी पेडल दाबून धरायला सांगितले आणि काटकोन तपासायचा गुण्या लावला. दांडी काटकोनाच्या बरीच अलीकडे अडकली होती. म्हणजे ती ब्रेकच्या आसाच्या दात्यांवर एक दाता मागे बसवलेली होती. दांडीवर छिन्नीची एक बारीक खूण होती. ती खूण माझी होती.

तीन महिन्यांपूर्वी याच गाडीचे जुने लायनर झिजल्यामुळे दांडी काटकोनाच्या पुढे जात होती आणि नवे घेऊन येणारे जहाज लांबले होते. तेव्हा मीच दांडी एक दाता मागे सरकवून काम भागवले होते आणि चुकू नये म्हणून खूण केली होती. नवे, जाड लायनर आले की ती पुन्हा पुढे घ्यायची, हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

"तुम्ही ही इथेच का बसवलीत?" मी दुल्हाभाईंना विचारले.

"तुझी खूण होती ना. शिकलेला माणूस तू. म्हटलं, विचार करूनच केली असशील."

त्यांच्या स्वरात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. मी तुमच्याकडे पाहिले. तुम्ही लायनर चाचपताना बोटाला लागलेला खडू विजारीला पुसत होतात. मी दांडी एक दाता पुढे बसवली, रॉड जुळवला, गुण्या पुन्हा लावला. "यल्ला, चल," तुम्ही म्हणालात, "काढ बाहेर. मी मागे बसतो."

त्या खारवट जमिनीवर मी गाडी पळवली. आरशात तुमचे दोन्ही हात कॅरिअरला. समोर काहीही नव्हते, ना उंट, ना माणूस. मी ब्रेक दाबला. मागचे चाक जागच्या जागी आवळले, तुमची छाती माझ्या पाठीवर आदळली आणि तुमचा उजवा हात माझ्या खांद्यावर आला. गाडी थांबल्यावरही तो लगेच निघाला नाही. "खलास, झालं काम," तुम्ही कानाशी म्हणालात, "ब्रेक लागतो आहे."

तो हात माझ्याही खांद्यावर आला होता, हे दुल्हाभाईंना आज फोनवर सांगता आले असते. सांगितले नाही, आणि हा कागदही मी त्यांना वाचून दाखवणार नाही. कारण त्या दिवशी तो ब्रेक हलका दाबूनही कळला असता, अब्बा. आणि त्यानंतरच्या प्रत्येक ट्रायलला, तुम्ही मागे बसलेले असताना, मी तो गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात दाबत आलो.