पाडायची नोकरी

आबा, तुमी जाऊन चाळीस वर्सं झाली, पण इचारायला दुसरं कोणी न्हाई म्हणून लिहून राहिले. माझ्या पोरीचा पोरगा कॅनडात चेंडूच्या खेळात नोकरीला आहे. चेंडूला मात्र हात लावत न्हाई. चेंडूपासून दोन हात लांब वाकून उभा राहतो. चेंडू हलला की समोरच्या रेड्यासारख्या गड्याला लोटतो आन् त्याच्यामागं चेंडू घेऊन उभा असलेल्याला पाडतो. की पुन्हा येऊन उभा. आठ वर्सं हेच. एका संघानं काढला, दुसऱ्यानं घेतला, गुडघा दोनदा फाडून शिवला, तरी हेच. ह्याचा पगार काहून देतात, मला उमगत न्हाई.

मी सकाळच्या चहाला फोनवर बघते. एकदा त्यानं एकाला आपटलं, तर पंचानं तिथं फडकं टाकलं. मला वाटलं मान केला. गल्लीत साखर वाटली. मग पोरीचा फोन, "आई, चूक केली की फडकं टाकतात! गडी पडल्यावर मारलं यानं." शेजारीण हसते, "साखर वापस देऊ का आत्याबाई?" म्हणलं, "पोटातून काढ अन् दे."

तवा तुमी आठवले. कनेरगाव नाक्यावर तुमी बैलांना नाल ठोकायचे. पायात दोर घालून एवढा थोरला बैल अलगद निजवायचे. एकदा एक धपकन पडला आन् मी, तुमची एवढीशी पोर, टाळी वाजवली. तुमी हातोडी खाली ठेवली. "ते भेलंय, अन् तू हसती?" चारी पायांना नाल होईपर्यंत मला त्याचं तोंड धरून बसवलं. त्याचा गरम श्वास माझ्या हातावर येतोय, डोळा माझ्याकडं बघतोय. तिकडं तर हजारो माणसं टाळ्या पिटतात. पडणारंबी कोणाचं तरी लेकरू असंल. मी बघत बसते, हसावं का रडावं कळत न्हाई.

परवा पोराचा फोन आला, मोडक्या मराठीत. "आजी, गुडघा परत गेला. डॉक्टर म्हणते सोड. संघ म्हणते अजून एक साल खेळ. मी काय करू?" तुमी बैलाचा पाय दाबून बराबर सांगायचे, चालंल का न्हाई. मी फोनवरून काय दाबू? म्हणलं, "खेळ." तवापासून पोरगी माझ्याशी बोलत न्हाई.

हा कागद कुठं टाकायचा न्हाई, म्हणून खरं लिहिते. खेळ म्हणलं ते त्याच्या भल्याचं बघून न्हाई. एरवी ते वर्सातून एकदा फोन करतं. खेळात डोक्यावर घालतात त्या टोपाच्या जाळीतून तोंड दिसत न्हाई, पाठीवरचा आकडाच दिसतो, पण हप्त्याला दिसतो.