रिकाम्या वाहनातील प्रवाशाबाबत

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
वाहन नोंदणी व तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हातास.

विषय : रुंद चाकांच्या पिकअप ट्रकच्या पंचनाम्यातील "वाहन रिकामे होते" हे वाक्य दुरुस्त करून, वाहनात अर्जदाराची पत्नी होती अशी नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) तपासणी नाक्यावरील पंचनामा.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज.
३) त्यांना आलेली आपल्या कार्यालयाची उत्तरे, ज्यांत अर्जदाराच्या विनंतीखेरीज इतर सर्व बाबींचा परामर्श घेतलेला आहे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्याच कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल-खुर्ची टाकून लोकांचे अर्ज टंकून देतो. आपल्यापुढे येणाऱ्या कागदांपैकी पुष्कळसे अर्जदाराच्या यंत्रातून निघालेले असतात, तेव्हा ही भाषा आपल्या ओळखीची असेलच. दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडण्यात अर्जदाराचा हात बसलेला आहे. स्वतःचे मांडायला बसल्यावर मात्र "मी" हा शब्द काही केल्या यंत्रावर उमटेना. म्हणून हा अर्जही नेहमीच्या रीतीने, अर्जदार कोणी तिऱ्हाईत असल्याप्रमाणे लिहिला आहे. गैरसमज नसावा.

२. सदर पिकअप अर्जदाराच्या मेहुण्याची, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाची आहे. मेहुणा गाड्यांच्या पत्राकामाचे दुकान चालवतो. अर्जदाराचे घर दगडखाणीच्या वरच्या अंगास असून खाली येणाऱ्या वाटेची खाणीच्या डंपरांनी पार चाळण केली आहे. पत्नीस मूत्रपिंडाचे दुखणे होते व तिला ठरल्या वारी इस्पितळात जावेच लागे. रुग्णवाहिकेचा चालक एकदा वर आला, गाडीचा तळ दगडाला घासला, आणि त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. टॅक्सीवाल्यांनी तर आधीच हात वर केले होते. तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, रस्ता आपल्या बापाचा नाही, पण गाडी आपली आहे ना? रस्ता बदलत नसेल तर गाडी बदलू."

३. त्याने गाडी सांगाड्यावरून उंच उचलून घेतली आणि खोल खाचांचे, मूळ मापाहून बरेच मोठे टायर आणले. ते बसले, पण चाक वळवले की मडगार्डच्या आतल्या कडेला घासू लागले. पत्नी म्हणाली, "पाहुणा थोर आणि दार लहान. आता वाकायचं कोणी?" मेहुण्याने एक चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवले, स्टिअरिंग एका अंगाला पार शेवटपर्यंत फिरवले, रबर जिथे पत्र्याला लागते तिथे चिकटपट्टीची रेघ ओढली व त्या रेघेवर ग्राइंडर चालवला. आतली कड हातोडीने ठोकून वर दुमडली. कापलेल्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून रंगाचे हात दिले, वर रबरी पट्टी बसवली. टायर मोकळे फिरू लागले, पण ते बाजूला चार बोटे बाहेर येत होते, आणि उघडे चाक मागच्याच्या तोंडावर चिखल-खडी उडवते म्हणून तोही गुन्हाच. तेव्हा त्याने पत्र्याच्या कमानी ठोकून चारही चाकांवर रिव्हेट मारून बसवल्या. त्यांना फ्लेअर म्हणतात. पत्नी दुकानाबाहेर खुर्चीत बसून हे सर्व पाहत असे व तिने त्यांना भुवया असे नाव ठेवले. पुढची डावी भुवई बसवताना जराशी वर राहिली. मेहुणा ती उखडून पुन्हा ठोकणार होता, पण पत्नीने हात लावू दिला नाही. "राहू दे रे," ती म्हणाली, "तिला कसली तरी शंका आलीये."

४. भुवया नसत्या तर उघड्या चाकांचा गुन्हा, बसवल्या तर नोंदणीपेक्षा जास्त रुंदीचा. इकडे आड, तिकडे विहीर. त्यातला रुंदीचा गुन्हा घडलेला आहे, हे अर्जदार व मेहुणा दोघेही नाकबूल करत नाहीत. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी. प्रस्तुत अर्जाचा तो विषय नाही.

५. घटनेच्या दिवशी सकाळी पत्नीची तब्येत एकाएकी बिघडली. तिला पुढे बसवेना, म्हणून मागच्या हौद्यात गादी घालून निजवले. हौद्यावर ताडपत्रीची छपरी होती व ती सर्व बाजूंनी बांधलेली होती. अर्जदार पत्नीच्या उशाशी बसला. मेहुणा गाडी चालवत होता. नाक्यावर आपल्या अधिकाऱ्यांनी हात केला. मेहुणा म्हणाला, "साहेब, घाई आहे." अधिकारी म्हणाले, "सगळ्यांनाच असते." यात त्यांचे काही चुकले असे अर्जदारास वाटत नाही, सगळ्यांना घाई असतेच. ते सभ्य गृहस्थ असून त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचे सर्व लक्ष मात्र गुडघ्याखाली होते. टायर पाहिले, भुवया बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या, टेप काढून एकेका चाकाचे माप घेऊ लागले. मापे घेता घेता त्यांनी विचारले, "मागे काही आहे का?" मेहुणा म्हणाला, "काही नाही, साहेब." यावरून पंचनाम्यात ते वाक्य आले.

६. येथे नम्रपणे निदर्शनास आणून द्यावेसे वाटते की, नाक्यावर हा प्रश्न मालाबद्दल असतो. वाळू, लाकूड, भंगार असे "काही" आहे काय, असा त्याचा अर्थ. माणसाबद्दल विचारायचे झाल्यास "कोणी आहे का" असे विचारतात. बोलायला शिकणारे मूलही काही आणि कोणी यांत गल्लत करत नाही. मेहुण्यास जे विचारले त्याचे त्याने खरे उत्तर दिले. हौद्यात काही नव्हते. त्याची बहीण होती.

७. ताडपत्रीच्या आत सर्व ऐकू येत होते. अर्जदार बाहेर जाऊन खुलासा करण्यासाठी उठला, तेव्हा पत्नीने त्याची बाही धरली व म्हणाली, "ऐकलंत ना? सख्खा भाऊ म्हणतोय, मी काही नाही!" आणि ती हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे, तर खोकला लागेपर्यंत मोठ्याने हसली. मग म्हणाली, "अहो, बसा खाली. तुम्ही उतरलात की अर्जच लिहीत बसाल." अर्जदार खाली बसला. थोड्याच वेळात गाडी सोडण्यात आली. इस्पितळात पोहोचल्यावर तिची शुद्ध गेली व दुसऱ्या दिवशी ती वारली. नाक्यावर मोडलेल्या वेळाने काही फरक पडला नसता, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यामुळे अर्जदाराची कोणाविरुद्धही तक्रार नाही. खरे सांगायचे तर अर्जदारास तेव्हापासून फारसे काही वाटतच नाही. चहा तोंडाला लावल्यावर तो गार आहे हे बऱ्याच उशिरा कळते. लोकांचे अर्ज मात्र तो पूर्वीप्रमाणेच बिनचूक टंकतो.

८. मेहुण्याचे तसे नाही. आपल्या कार्यालयाच्या हुकमाप्रमाणे त्याने गाडी आणून आपल्या आवारात लावली, किल्ली दिली आणि तो घरी चालत गेला. त्यानंतर त्याने दुकान उघडलेले नाही. अर्जदाराने समजूत घालून पाहिली. वेळ गेला त्यात तुझा दोष नाही, असे म्हटले, तर म्हणाला, "वेळेचं कुठे म्हणतोय मी? ताईबद्दल माझ्या तोंडून शेवटचं निघालं ते 'काही नाही'. आणि ते सरकारात लिहून ठेवलंय." ती त्यावर हसली होती, हे अर्जदाराने त्यास सांगितले. त्याला पटले नाही. इंजिन चालू होते व तो उतरून पुढे उभा होता, त्यामुळे त्याने स्वतः काही ऐकले नव्हते. "दाजी," तो म्हणाला, "तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालत आलात. ताईच्याही तोंडी एक घातलंत. मन राखताय माझं, कळतं मला." अर्जदाराचा धंदाच तो आहे, हे खरे. पुष्कळ विनवल्यावर मेहुणा इतकेच म्हणाला की, शिक्क्याच्या कागदावर असेल तर मानीन. प्रस्तुत अर्जाचे प्रयोजन हे एवढेच आहे.

९. यापूर्वीच्या अर्जांचे काय झाले, तेही सादर करतो. पहिल्या अर्जास उत्तर आले की, कार्यालयीन परिभाषेत "रिकामे" म्हणजे मालाविना, सबब वाक्य बरोबर आहे. दुसऱ्या अर्जास उत्तर आले की, हौद्यात माणूस नेणे हा स्वतंत्र गुन्हा असून तसा गुन्हा नोंदवलेला आढळत नाही, सबब हौद्यात माणूस नव्हता. अर्जदार तिसऱ्या वेळी समक्ष गेला असता कारकून म्हणाले, "प्रवाशाचा जबाब लागेल. बाईंना घेऊन या." अर्जदाराने त्यांना वस्तुस्थिती सांगितली. ते म्हणाले, "मग अवघड आहे," आणि उठून त्यांनी अर्जदारास स्वतःची खुर्ची दिली. अर्जदार तिथे बराच वेळ बसला होता. कारकून भले आहेत, त्यांना याबाबत बोल लावू नये.

१०. आता आपल्या कार्यालयाचे ताजे पत्र आले आहे. त्यात भुवया उतरवून मूळ मापाचे टायर बसवल्यास, व मालकाने "पंचनामा वाचला, तो खरा व मान्य आहे" असे लिहून सही केल्यास, गाडी सोडण्याची तयारी दाखवली आहे. कापलेल्या मडगार्डकडे काणाडोळा करण्याचेही मान्य केले आहे. ही मोठीच सवलत आहे. अर्जदाराने ते पत्र मेहुण्यापुढे ठेवले. त्याने पेन मागून घेतले व सही केली. "खरंच तर आहे," एवढेच म्हणाला. सही केलेला तो कागद अर्जदाराजवळ आहे आणि तो सादर करण्यात येणार नाही. तेवढ्यासाठी गाडी आपल्या आवारात गंजून गेली तरी चालेल. गाडी मेहुण्याची असल्यामुळे असे लिहिण्याचा अर्जदारास अधिकार नाही, याची त्यास जाणीव आहे.

११. आपले दुसरे उत्तर अर्जदाराने पुन्हा वाचले आणि त्याच्या ध्यानात आले की, वाट त्यातच आहे. गुन्हा नाही म्हणून माणूस नाही. तर मग गुन्हा नोंदवावा. पत्नीस हौद्यात निजवणारा अर्जदार स्वतः होता, मेहुणा नव्हे. सबब हौद्यातून माणूस नेल्याबद्दल अर्जदारावर रीतसर गुन्हा नोंदवावा, ही विनंती. त्यात प्रवाशाच्या रकान्यात पत्नीचे नाव येईल. अर्जदार कोणताही बचाव करणार नाही.

१२. नाक्यावरील अधिकाऱ्यांस यात गोवण्याचा हेतू नाही, परंतु एक बाब सांगणे भाग आहे. पत्नी हसली तेव्हा अर्जदार ताडपत्रीच्या दोरीच्या भोकातून बाहेर पाहत होता. अधिकारी मागच्या चाकाशी वाकलेले होते. त्यांनी मान वर केली. ताडपत्रीकडे पाहिले. नंतर टेप गुंडाळून खिशात घातला आणि गाडी पुढे घ्या अशी खूण केली. पंचनाम्यात तीन चाकांची मापे आहेत, चौथ्याची जागा कोरी आहे. आत माणूस असल्याचे त्यांनी लिहिले असते तर त्यांना गाडी तिथेच अडकवून ठेवावी लागली असती. तेव्हा ते वाक्य त्यांनी चुकीने लिहिले नसून दया येऊन लिहिले, असे अर्जदारास आता वाटते. त्यांचे उपकार मानावेत की त्यांच्याच वाक्याविरुद्ध अर्ज करावा, या पेचात अर्जदार पुष्कळ दिवस होता. आता त्यांनी कृपा करून आणखी एक ओळ लिहावी. रुंदीबद्दल नको, वेळेबद्दल नको. "चालकाचे उत्तर ऐकून मागून एक बाई हसल्याचा आवाज आला," एवढेच त्यांच्या हस्ताक्षरात व खाली गोल शिक्का. त्यांनी आवाज ऐकलाच नसेल, तर तसे लिहू नये. खोटी ओळ अर्जदारालाही लिहिता येते.

१३. शेवटची विनंती. सदर कागद तयार झाल्यावर तो अर्जदाराच्या हाती देऊ नये. अर्जदाराने नेलेला कागद अर्जदारानेच टंकला असे मेहुणा म्हणेल, आणि त्याचे म्हणणे अगदीच गैर नसेल. कार्यालयाच्या शिपायाने तो गणवेशात, समक्ष नेऊन द्यावा. दुकान खाणीच्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. शटर खाली असेल. दुकान बंद आहे असे समजून शिपायाने परत फिरू नये. तो आतच असतो. उत्तर येईपर्यंत वाजवत राहावे.

आपल्याच फाटकाबाहेरचा,
नम्र अर्जदार

(सही)

दिनांक : आवक शिक्क्यावर पडेल तो.

सोबत : पंचनाम्याची छायाप्रत (चौथ्या चाकाच्या कोऱ्या जागेवर खूण करून) व इस्पितळाचा दाखला.